खाडी, डोंगर आणि कायदा: वाचकांच्या शंका

पावसाळा तोंडावर आला की ठाणे आणि नवी मुंबईतून येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. कुणाला जाळ्याची काळजी, कुणाला झाडावरच्या घरट्यांची, कुणाला येऊरच्या खेकड्यांची. या वेळी आठ पत्रं निवडली आहेत. उत्तरांची लांबी सारखी नाही, कारण प्रश्नांची खोलीही सारखी नाही.

प्रश्न: आम्ही ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातले. होडीला इंजिन नाही. पाग (हाताने फेकायचं जाळं) आणि एक छोटं बोकशीचं (खुंटांना बांधायचं पिशवीसारखं) जाळं, एवढ्यावर घर चालतं. अभयारण्य झाल्यापासून कुणी म्हणतं की खाडीत जाळं टाकलं तर गुन्हा, कुणी म्हणतं काही होत नाही. त्यात जूनची बंदी. नक्की काय बंद आहे?

तुमच्या प्रश्नात दोन कायदे एकमेकांत अडकले आहेत, ते आधी सोडवू. मासेमारी हा राज्यघटनेच्या राज्यसूचीतला विषय आहे. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचे नियम महाराष्ट्र शासन करतं, मुख्यतः सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 खाली. पावसाळी बंदी त्यातून येते आणि ती मत्स्यव्यवसाय खातं राबवतं. अभयारण्य मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 या केंद्राच्या कायद्याखाली जाहीर होतं आणि ते वन विभागाकडे असतं. म्हणजे पाणी एक आणि त्याला मालक दोन. एका कार्यालयातल्या तोंडी उत्तरावर दुसऱ्यासमोर वाद घालण्यात अर्थ नाही, आणि बहुतेकांची फसगत नेमकी इथेच होते.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 6 ऑगस्ट 2015 ला जाहीर झालं. ऐरोली पूल ते वाशी पूल या पट्ट्यातलं सुमारे 1,690 हेक्टर क्षेत्र त्यात येतं. त्यापैकी 896 हेक्टर कांदळवन आणि 794 हेक्टर पाणी. ऑगस्ट 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जाही, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळाला, पण त्यामुळे जाळं टाकण्याचे नियम बदललेले नाहीत. बदललेत ते अभयारण्यामुळे. वन्यजीव अधिनियमाच्या कलम 29 नुसार अभयारण्यातले वन्यजीव परवानगीशिवाय नष्ट करता किंवा बाहेर नेता येत नाहीत, आणि कायद्याच्या व्याख्येत मासासुद्धा ‘प्राणी’च आहे. दुसऱ्या बाजूला कलम 26-अ म्हणतं की सागरी पाणी अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी तजवीज करावी. तेव्हा ‘अभयारण्य म्हणजे मासेमारी आपोआप संपली’ हे खरं नाही, आणि ‘काही होत नाही’ हेही खरं नाही. पारंपरिक मच्छीमार म्हणून तुमचा हक्क कागदावर दिसला पाहिजे.

तो दिसण्यासाठी तीन गोष्टी जवळ ठेवा: मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभासदत्वाचा दाखला, होडीच्या नोंदणीचा कागद आणि मच्छीमार ओळखपत्र. इंजिन नाही म्हणून होडीची नोंदणी लागत नाही, हा समज आधी काढून टाका. नंतर कोणती जाळी, कोणत्या भागात, कोणत्या महिन्यांत वापरता हे एका पानावर लिहून संस्थेमार्फत वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज हा अर्जच नसतो.

आता प्रत्यक्षात तंटा कशावरून होतो ते पाहा. बोकशीचे खुंट म्हणून तिवराची फांदी तोडली, तर तो मासेमारीचा प्रश्न उरत नाही, कांदळवनतोडीचा होतो. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 च्या निकालात कांदळवनाची तोड हा जगण्याच्या हक्काचा भंग मानला आहे, त्यामुळे इथे कुणी सूट देणार नाही. खुंट बांबूचे आणा, बाहेरून आणा. दुसरं, फाटकं नायलॉन चिखलावर टाकून येऊ नका. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे या काळात ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात मान खाली घालून चरतात, आणि त्यांचे पाय त्या तुकड्यांत अडकतात. भरतीच्या पाण्यावर जाळं लावलं तर तुमचा आणि त्यांचा वेळ एकमेकांवर येत नाही.

पावसाळी बंदी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. ती यांत्रिक नौकांना आहे. पारंपरिक पद्धतीने मासेमारी करणाऱ्या बिगरयांत्रिक होड्यांना ती लागू नाही. तुम्ही त्यात बसता. मात्र शेजाऱ्याचं आउटबोर्ड इंजिन दोन दिवसांसाठी लावलंत तर बसत नाही. बंदीच्या काळात यांत्रिक नौकेला अपघात झाला तर नुकसानभरपाईही मिळत नाही, हे त्या शेजाऱ्याला सांगून ठेवा.

प्रश्न: मी ठाण्यात पाटी घेऊन बसते. पहाटे घाऊक बाजारात बारीक पापलेट स्वस्त मिळतं. परवा एकाने सांगितलं की ते विकणंही आता गुन्हा आहे. मासा पकडला बोटवाल्याने, मी काय केलं?

पापलेट 2023 मध्ये राज्यमासा झालं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शासनाने 54 जातींच्या माशांचा किमान कायदेशीर आकार अधिसूचित केला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींवर ती यादी आधारली आहे. चंदेरी पापलेटाला 135 मिलिमीटर, बोंबलाला 180, घोळीला 700. यापेक्षा लहान मासा पकडणारी नौका आणि तो घेणारा व्यापारी असे दोघेही कारवाईच्या कक्षेत येतात. ‘मी पकडला नाही’ हा बचाव म्हणूनच चालत नाही.

पापलेटाची लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या दुभंगाच्या खाचेपर्यंत मोजायची. शेपटीच्या लांब टोकापर्यंत पट्टी नेली तर 12 सेंटिमीटरचा मासाही साडेतेराचा दिसतो, आणि बाजारात होणारी फसवणूक बहुतेक याच युक्तीची असते. बोंबील मात्र शेपटीच्या टोकापर्यंत मोजतात. सोपा उपाय म्हणजे कोयतीच्या पाटावर साडेतेरा आणि अठरा सेंटिमीटरवर दोन खाचा पाडून घ्या. लिलावात ढीग उचलण्याआधी वरचे चार आणि तळातले चार मासे पाटावर ठेवून पाहा. मोठे मासे नेहमी वर रचलेले असतात, हे तुम्हाला सांगायला नको.

बारीक मासा येतोच का, हेही समजून घेण्यासारखं आहे. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला, म्हणजे खोल्याला, 40 मिलिमीटरची चौकोनी आस (जाळ्याचं भोक) हवी. चौकोनीच का? नेहमीची शंकरपाळ्याच्या आकाराची आस मासळीचं वजन आलं की ताणून मिटते, मग कागदावर 40 मिलिमीटर असलेल्या जाळ्यातून बोटाएवढं पिल्लूही निसटत नाही. चौकोनी आस ओढीतही उघडी राहते. डोल जाळ्याची अडचण वेगळी. ते जाळं जागेवर उभं असतं, ओढीचं पाणी जे आणेल ते खोल्यात जमतं, आणि बारीक आसेचा खोला लावला की पापलेटाची पिल्लं कोळंबीबरोबर येतात. ती पिल्लं शेवटी दहा-वीस रुपयांच्या वाट्यात जातात, आणि हीच मासळी वर्षभराने किलोच्या भावाने विकली गेली असती, याचा हिशेब बाजारात कुणी मांडत नाही.

सागरी मासेमारी अधिनियमाच्या 2021 च्या दुरुस्तीने दंड खूप वाढले. एलईडी दिव्यांच्या मासेमारीला 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत, बेकायदा पर्ससीनला (थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याला) 1 लाखापासून 6 लाखांपर्यंत. आधी ही प्रकरणं तहसीलदारांपुढे जायची, आता मत्स्यव्यवसाय खात्याचा अधिकारीच निवाडा करतो. तुमच्यासाठी यातली कामाची गोष्ट एकच: घाऊक व्यापाऱ्याकडून जातीचं नाव आणि वजन लिहिलेली चिठ्ठी घ्या. तपासणीत माल कुठून आला ते सांगता आलं पाहिजे.

प्रश्न: घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत पावसाळ्याआधी झाडांच्या फांद्या छाटायच्या आहेत. पालिकेची परवानगी आली आहे. पण गेल्या आठवड्यापासून झाडांवर बगळे बसायला लागलेत. काही सभासद म्हणतात छाटा, काही म्हणतात थांबा.

थांबा.

पालिकेची परवानगी महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 खालची आहे. ती फांदीची परवानगी आहे, घरट्याची नाही. वन्यजीव अधिनियमात ‘शिकार’ म्हणजे फक्त बंदूक नव्हे. विष घालणं, फास लावणं, पकडणं, हुसकावणं आणि पक्ष्यांची अंडी फोडणं किंवा घरट्याला धक्का लावणं, हे सगळं त्याच व्याख्येत बसतं. घरट्यातली पिल्लं खाली पडून मेली, तर गुन्हा छाटणाऱ्या मजुरावरच राहत नाही. काम सांगणाऱ्या पदाधिकाऱ्यांपर्यंत येतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर साध्या उल्लंघनाचा दंडही 25 हजारांवरून 1 लाखापर्यंत वाढला आहे.

वंचक, गायबगळे, रातबगळे आपल्याकडे पावसाळ्यातच घरटी करतात, एकाच झाडावर दहा-वीस. नुसते झोपायला येणारे पक्षी संध्याकाळी येतात आणि सकाळी सगळे निघून जातात. वीण सुरू झाली असेल तर भरदुपारी काही पक्षी जागेवर बसलेले दिसतात, चोचीत काटक्या घेऊन ये-जा चालते, आणि झाडाखाली पांढऱ्या शिटांबरोबर निळसर अंड्यांची कवचं सापडू लागतात. गच्चीवरून दुर्बिणीने सलग दोन दुपारी पाहा. काटक्या दिसल्या की छाटणी पुढे ढकला. शेवटचं पिल्लू उडेपर्यंत, म्हणजे बहुतेक वेळा सप्टेंबर उलटेपर्यंत.

मोडकी फांदी खरंच कुणाच्या डोक्यावर येत असेल, तर तेवढ्या एका फांदीचे फोटो काढून पालिकेचा वृक्ष विभाग आणि वन विभाग, दोघांना लेखी कळवा आणि त्यांच्या उपस्थितीत तेवढीच काढा. शिटांचा वास आणि गाड्यांची घाण ही खरी तक्रार आहे, ती नाकारत नाही. त्यावर झाडाखाली जुनी हिरवी जाळी ताणणं आणि तीन महिने गाड्या हलवणं, इतकंच करता येतं. पुढच्या वर्षी छाटणी जानेवारी ते मार्चमध्ये उरका, म्हणजे हा वादच येणार नाही.

प्रश्न: पहिल्या पावसात येऊरच्या ओढ्यात बॅटरी घेऊन खेकडे धरायला जायचं ठरतंय. शिवाय मुरबाडकडे वलगणीचे मासेही पकडतात. यात काही गैर आहे का?

येऊरमध्ये आहे. मुरबाडमध्ये कसं पकडता त्यावर आहे.

येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. राष्ट्रीय उद्यानातून कोणताही वन्यजीव बाहेर नेता येत नाही, आणि त्यात ओढ्यातला खेकडाही आला. रात्री विनापरवाना आत जाणं हा वेगळा गुन्हा. पिशवीत चार खेकडे असोत की चाळीस, फरक पडत नाही. तिथे बिबट्यांचा वावर आहे, आणि बॅटरी खाली धरून वाकून चालणारा माणूस अंधारात माणसासारखा दिसत नाही, हाही मुद्दा आहेच.

वलगण ही निराळी गोष्ट. पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की नदीतले मळे, शिवडे, मुऱ्या उलट्या प्रवाहाने ओढ्यांतून भातखाचरांकडे चढतात. गाबोळी भरलेली असते, म्हणून चव, आणि म्हणूनच धोका. एका मादीबरोबर हजारो अंडी ताटात येतात. हे पकडणं ही आगरी, कुणबी, कातकरी घरांतली जुनी रीत आहे. तिला कायद्याने सरसकट मनाई नाही. मनाई आहे ती पाण्यात विष किंवा स्फोटक टाकायला, महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, 1960 खाली. ब्लीचिंग पावडर आणि शेतीचं कीटकनाशक ही दोन्ही विषंच. अशा पाण्यातला मासा खाणाऱ्याच्या पोटात काय जातं ते वेगळं सांगायला नको.

बाकी शहाणपण जुन्या लोकांकडेच आहे. ओढा पूर्ण अडवू नका. बांबूचा सापळा अर्ध्या पात्रात लावा, उरलेलं पाणी मोकळं सोडा. मच्छरदाणी आडवी बांधणं तर अगदी वाईट, कारण त्यात उतरणीची पिल्लंही अडकतात. खेकडा उलटा करून पाहा. पोटाखालची पट्टी अरुंद आणि निमुळती असेल तर नर. ती रुंद, अर्धगोल असेल तर मादी, आणि या दिवसांत त्या पट्टीखाली अंडी किंवा बारीक पिल्लं चिकटलेली असतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्लं आईच्या पोटाखालीच वाढतात, वेगळी पाण्यात तरंगत नाहीत. तशी मादी आली तर जिथून उचलली तिथेच ठेवा.

प्रश्न: डोंगराच्या कडेला आमचा पाडा आहे. रात्री बिबट्याने गोठ्यातली शेळी मारली. भरपाई मिळते असं ऐकलंय. काय करायचं?

पहिलं काम म्हणजे शेळी हलवू नका. भरपाईच्या प्रकरणात सगळ्यात जास्त चूक इथेच होते. वास येतो, लहान पोरं घरात, म्हणून लोक सकाळीच खड्डा खणतात, आणि नंतर पंचनाम्याला काही उरत नाही. वरून पाटी किंवा ताडपत्री घाला, कुत्र्यांपासून राखा.

दुसरं, 48 तासांच्या आत वन विभागाला कळवा. हेल्पलाइन 1926 आहे, पण फोनवर थांबू नका. वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मानेवरच्या दातांच्या खुणा, गोठ्याचं दार, ओढत नेल्याची वाट आणि मातीतला ठसा यांचे फोटो काढा. ठशाशेजारी आगपेटी ठेवा, म्हणजे आकार कळतो. पंचनाम्यात वनरक्षकाबरोबर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो, त्यासाठी पशुवैद्यकालाही त्याच दिवशी बोलवा. आधार कार्ड, बँक पासबुक आणि रहिवासाचा पुरावा जोडा.

2022 च्या शासन निर्णयानुसार शेळी-मेंढीसाठी बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15 हजार रुपये, यांतली कमी रक्कम. गाय, म्हैस, बैलासाठी 75 टक्के किंवा 70 हजार, यांतली कमी. माणूस दगावल्यास 2023 पासून 25 लाख. राज्याने 2023 मध्ये यासाठी स्वतंत्र कायदाही केला, त्यानुसार रक्कम 30 दिवसांत द्यायची आणि उशीर झाला तर त्यावर व्याज. म्हणून अर्जाच्या पोचेवर तारीख स्पष्ट असू द्या.

या योजनेत साप नाही. सर्पदंशाने शेतकरी दगावला तर वाट वेगळी आहे: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना, 2 लाख रुपयांची.

आणि मेलेल्या शेळीत विष भरून ठेवण्याचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. बिबट्या वन्यजीव अधिनियमाच्या अनुसूची 1 मधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी आहे, किमान 3 वर्षं तुरुंगवास आणि दंड. शेळीचे 15 हजारही जातील. त्यापेक्षा गोठ्याला वरून छप्पर आणि चारही बाजूंनी जाळी बसवा. बिबट्या दारातून कमी आणि कुडावरून जास्त येतो.

प्रश्न: दिवाळे गावातून. डोल जाळ्यात कासव अडकलं तर जाळं कापावं लागतं. नुकसान कोण देणार?

शासन. डिसेंबर 2018 पासून अशी योजना आहे. संरक्षित सागरी प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापलं तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासव, डॉल्फिन, देवमासा, करवत मासा असे प्राणी त्यात येतात. बोटीवर एकाने मोबाइल सांभाळायचा: प्राणी जाळ्यात असतानाचा फोटो, जाळं कापतानाचा, पाण्यात सोडतानाचा आणि कापलेल्या जाळ्याचा. बोटीचा नोंदणी क्रमांक एका तरी फोटोत दिसू द्या. त्याशिवाय अर्ज अडकतो. कासवाला वल्ह्यासारख्या पायांना धरून ओढू नका, कवच दोन्ही बाजूंनी धरा. ते निपचित असेल तर लगेच पाण्यात टाकू नका. छाती खाली, मागची बाजू थोडी उंच ठेवून सावलीत ओल्या कपड्याखाली ठेवा. पाणी ओकून ते सावध होऊ शकतं.

प्रश्न: नौपाड्यातल्या जुन्या घरात आजोबांनी लावलेली सांबराची शिंगं आणि एक परवान्याची बंदूक आहे. आजोबा गेल्या महिन्यात वारले.

शिंगं आधी. अशी वस्तू वारशाने आली तर वन्यजीव अधिनियमाच्या कलम 40 नुसार 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणापत्र द्यायचं असतं. एक महिना गेलाय, दोन उरलेत. आजोबांच्या कागदांत मालकीचं प्रमाणपत्र आहे का, ते शोधा, जुन्या विम्याच्या किंवा घरपट्टीच्या फायलीत ते सापडतात. प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत, मृत्यूचा दाखला, वारसदारांची यादी आणि शिंगांचे मोजमापासह फोटो जोडा. ठेवायची नसतील तर सात कामाच्या दिवसांची पूर्वसूचना देऊन शासनाकडे जमा करता येतात. मोबदला मिळत नाही. प्रमाणपत्र नसेल तर वकिलाच्या सल्ल्याने लेखी कळवा, पण शिंगं गाडीत घालून स्वतः कार्यालयात नेऊ नका. वाहतुकीलाही परवानगी लागते. विकण्याचा विचार तर नकोच. जंगलात गळून पडलेलं शिंगही शासनाच्या मालकीचं असतं.

बंदूक वेगळ्या वाटेने जाते. ती परवान्यासह जवळच्या पोलिस ठाण्यात जमा करा आणि पावती घ्या. तुमच्या नावाने नवा परवाना हवा असेल तर एक गोष्ट माहीत हवी: अभयारण्यापासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना देता येत नाही. वन्यजीव अधिनियमाचं कलम 34. एका बाजूला खाडीचं अभयारण्य आहे, नौपाडा त्या अंतराच्या आतच आहे.

प्रश्न: कोपरखैरण्यातून. मुलीसाठी पिंजऱ्यातला पोपट घेतला. आता शेजारी तक्रार करतो म्हणतात.

शेजारी बरोबर आहेत. लाल कंठाचा आपला नेहमीचा पोपट वन्यजीव अधिनियमाच्या अनुसूचीतला, म्हणजे संरक्षित पक्षी आहे, तो पाळणं, विकणं, विकत घेणं सगळंच बेकायदा. पण घाबरून खिडकीतून सोडूनही देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाचे पंख बहुतेक वेळा कापलेले असतात, त्याला खाणं शोधता येत नाही, आणि कावळे त्याला तासाभरात गाठतात. 1926 वर फोन करून स्वतःहून वन विभागाच्या ताब्यात द्या. तोवर पिंजरा सावलीत, पाण्याची वाटी भरलेली, आणि खायला पेरू, मिरची, भिजवलेले हरभरे. चहात बुडवलेली पोळी नको.